छावणीचं नाणं

मीठवाल्याने नाणं परत केलं. रागाने नाही, चेष्टेनेही नाही. मीठ पोत्यात ओतून झाल्यावर, पोत्याचं तोंड आवळता आवळता त्याने ते दोन बोटांत उचललं, सुरीच्या टोकाने कडेला जरासं खरवडलं आणि फळीवरून उसायूकडे सरकवलं. "मावशी, दुसरं असेल तर बघ ना," तो म्हणाला. इतकी वर्षं त्याने असली नाणी तिच्याकडून मुकाट घेतली होती. रोमच्या सरहद्दीवरच्या कार्नुंटम शहरात ती सगळेच घेत आणि सगळेच देत. एका बाजूला म्हाताऱ्या सम्राटाचा दाढीवाला चेहरा, हाताला हलकी, वरून कल्हईची पांढरी झाक, आणि झिजली की आतून तांबूस पिवळी. लोक त्यांना छावणीचं नाणं म्हणत, कारण छावणीच्या दरवाजातून बाहेर पडणाऱ्या शिपायांच्या कमरेलाच ती पहिल्यांदा दिसली होती. खरी चांदीची नाणी घरोघर जमिनीत पुरून ठेवलेली असत आणि बाजार चालायचा तो ह्यांच्यावर. ती कोण पाडतं, रोमहून येतात की नदीपलीकडून, हे कुणी कुणाला विचारत नसे. "परवा घेतलंस की रे असलंच," उसायू म्हणाली. "परवा कोटूला ह्यापायी धरून नेलं नव्हतं," मीठवाला म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

तिने दुसरं नाणं दिलं, पोतं काखेत घेतलं आणि ते परत आलेलं नाणं मुठीत धरून चालू लागली. कोटू दिवेवाला तिचा शेजारी. मातीचे दिवे करायचा, भिंतीला भिंत लागून राहायचा. त्याला नेलं तेव्हा ती आपल्या खाणावळीत डाळ ढवळत होती; बाहेर गलका झाला आणि ती दारात येईपर्यंत गल्ली रिकामी झाली होती. काहीतरी चूक झाली असेल, संध्याकाळपर्यंत येईल परत, असं ती त्याच्या बायकोला म्हणाली होती, आणि तिला ते खरंच वाटलं होतं. आता चालताना तिचा अंगठा आपोआप नाण्याच्या कडेवरून फिरत होता. एका जागी तो अडकला. जिथून धातूचा रस साच्यात शिरतो तिथे कडेला गाठ राहते. ती कापून कानशीने घासून टाकतात आणि घासल्याच्या बारीक रेघा मागे उरतात. त्या रेघा तिरक्या होत्या. उलट्या तिरक्या. उसायू रस्त्याच्या मधोमध थांबली. मागून येणारा गाढववाला ओरडला, "मावशी, देवळात उभी आहेस काय?" ती बाजूला झाली. तिने पुन्हा अंगठा फिरवला. ह्या रेघा तिला ठाऊक होत्या. तिच्या पळीच्या दांड्यावर त्या होत्या, केसातल्या पितळी काट्यावर होत्या, दाराच्या कडीवर होत्या. तिचा नवरा बातो छावणीच्या कारखान्यात ओतारी होता आणि डावखुरा होता. अख्ख्या कारखान्यात कानस डाव्या हाताने धरणारा तो एकटाच, म्हणून सोबती त्याला खेकडा म्हणत.

बातोला जाऊन आता बरेच हिवाळे झाले होते. त्याचा चेहरा तिला पूर्वीसारखा आठवत नसे. नाक आठवायला जावं तर आवाज ऐकू यायचा, आवाज धरावा तर तोही निसटायचा. पण हात आठवायचे. झोपेत तो हात उघडे टाकायचा, तळवे वर करून, जणू कुणी त्यात काही ठेवणार आहे. अंगठ्याच्या मुळाशी भाजल्याचा चकचकीत डाग, तिथे बोट लावलं तरी त्याला कळत नसे. लग्न झालं तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, दिवसभर काय करतोस रे तिथे, आणि तो म्हणाला होता, बकलं. घोड्याच्या साजाची बकलं, पट्ट्यांची बकलं. चौदाव्या पलटणीतल्या प्रत्येकाच्या पोटावर माझं काहीतरी आहे, असं तो म्हणायचा, आणि तेवढंच म्हणायचा. मग तो हिवाळा आला. मुलगा नुकता दाढी करायला लागला होता तेव्हाचा. डोंगरातले रस्ते बर्फाने बंद झाले, रोमहून पगाराची गाडी आली नाही, शिपाई खाणावळीवरून मान खाली घालून जात. उसायू भांडी घासून उलटी ठेवायची आणि दारात उभी राहायची. आणि मग एका आठवड्यात सगळं बदललं. शिपाई हसत आत आले, बाकं भरली, डुकराचं खारवलेलं मांस दुपारपर्यंत संपलं. गाडी आली वाटतं, ती म्हणाली होती. आली, असं एकजण म्हणाला आणि दुसऱ्याने पेल्यात तोंड घातलं. पण इटलीच्या रस्त्यावर राहणाऱ्या तिच्या बहिणीने कुठलीच गाडी पाहिली नव्हती. त्या दिवसांत बातोच्या अंगाला कथलाचा वास यायचा. तिला तो आवडायचा, पावसाने भिजलेल्या लोखंडासारखा. बकलांना कल्हई करतात काय, असं तिने एकदा विचारलं होतं. तो हसला होता. त्याच वसंतात त्यांनी छपरावर कौलं घातली. कारखान्याच्या मुकादमाने खुश होऊन बक्षीस दिलं, असं तो म्हणाला होता. ती खाली उभी राहून एकेक कौल वर देत होती आणि कौलं कसल्या पैशाची आहेत हे तिच्या मनातही आलं नव्हतं. की आलं होतं? आता तिला नक्की सांगता येईना. जे त्या वेळी मनात आलं नव्हतं ते आज आठवणीत जाऊन बसत होतं आणि जणू पहिल्यापासून तिथेच होतं असं वागत होतं.

ती घरी पोचली तेव्हा कोटूची बायको ब्रोगी खाणावळीच्या बाकावर बसलेली होती. रडून झालेलं होतं. हातात कांदा होता. तिने येऊन आपणहून कांदे सोलायला घेतले होते. "त्यांनी खड्डा उकरला, ताई," ती म्हणाली. "आमच्या मागचा. त्यात मातीच्या चकत्या सापडल्या. भाजलेल्या. आतून सम्राटाचं तोंड उमटलेलं. म्हणाले, माती कोण भाजतं ह्या गल्लीत? दिवेवाला भाजतो. झालं. अगं, त्या खड्ड्यात सगळी गल्ली उकिरडा टाकते! तुझ्या खाणावळीची हाडंसुद्धा आमच्याच खड्ड्यात." "हो," उसायू म्हणाली. "काय होतं गं असल्याला?" ब्रोगीने विचारलं. काय होतं ते दोघींना ठाऊक होतं. सणाच्या दिवशी दगडी मैदानात, अस्वलांपुढे जी माणसं सोडतात त्यांत चोर असतात, पळालेले गुलाम असतात आणि नाणी पाडणारे असतात. दोघींनी कधी ना कधी पुढच्या रांगेत बसून ते पाहिलं होतं, भाजलेले हरभरे खात. "कोटूला सम्राटाचं तोंड नीट काढता तरी येईल का?" ब्रोगी म्हणाली आणि एकदम हसली. "त्याच्या दिव्यावरचा सिंह बघितलायस ना? मेंढी वाटते." उसायूही हसली. हसताना तिच्या डोळ्यापुढे बातो आला. संध्याकाळच्या उजेडात, बादली घेऊन मागच्या दाराने निघालेला. बादलीत राख आणि भाजलेल्या मातीचे तुकडे. नदीवर टाक ना, तिच्यावर धूळ उडाली म्हणून ती ओरडली होती. नदी लांब पडते, तो म्हणाला होता, आणि भिंतीपलीकडे वळला होता.

दुपारी तिचा मुलगा रेसातुस आला. तो पलटणीत शिपाई होता आणि लवकरच निशाणवाला होणार होता. निशाणवाल्याकडे सगळ्या शिपायांची शिल्लक ठेवायला असते, त्यामुळे माणूस बघून घेतात, घराणं बघून घेतात. तो बसला, शिरस्त्राण बाकावर उलटं ठेवलं आणि म्हणाला, "आई, वाढ. आणि मागच्यासारखी पातळ नको. तुझ्या डाळीत पोहायला शिकलो मी." तिने वाढलं. तो जेवताना ती नेहमीच त्याच्या उजव्या हाताकडे बघायची. तो उजव्या हाताचा होता, तिच्यासारखा. आज तिने नजर काढून घेतली. "कोटूकाकाचं काय होईल?" तिने विचारलं. "सुटत नाही तो." त्याने भाकरी मोडली. "सुभेदाराला कुणीतरी हवंच आहे. रोमहून विचारणा झालीय म्हणे, इथे एवढी खोटी नाणी कशी. कुणीतरी दाखवावं लागेल." "रेसातुस, तुझा बाप कारखान्यात काय करायचा?" भाकरीचा तुकडा वाटीच्या कडेशी थांबला, मग डाळीत बुडाला. "बकलं," तो म्हणाला. "आणखी काही?" त्याने वर पाहिलं. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं, आणि तेच तिला लागलं. "आई," तो हळूच म्हणाला, "मी पगार घ्यायला रांगेत उभा राहतो तेव्हा मला जे देतात ते मी घेतो. सरकारच्या पेटीतून देतात. सहीशिक्क्याच्या पेटीतून. त्यातलं निम्मं असलंच असतं. आता ते कुणी केलं हे शोधायला गेलं तर कुठपर्यंत जायचं? पोटात ठेव." तो उठला, तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि जाताना दाराच्या कडीशी क्षणभर उगाच थांबल्यासारखा थांबला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नदीवर गेली. विबेनुस बातोच्या भट्टीवर भाता ओढायचा. आता म्हातारा झाला होता, एका कानाने बहिरा, डॅन्यूबच्या काठी उलट्या होडीला टेकून जाळं सांधत बसायचा. "वहिनी, इकडे कुठे वाट चुकलीस?" तो म्हणाला. ती त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला बसली आणि नाणं त्याच्या तळहातावर ठेवलं. त्याने ते पाहिलं नाही, नुसतं उलटंपालटं केलं. "खेकडा," तो म्हणाला. पलीकडचा काठ, तिथली झाडं, जिथे रोमचं काही चालत नाही तो सगळा मुलूख धुक्यात निवांत होता. "हुकूम होता," विबेनुस म्हणाला. "त्या हिवाळ्यात. पलटण उपाशी ठेवायची का बंड करायला? वरून सांगून आलं. खऱ्या नाण्यावर ओली माती दाबायची, साचा घ्यायचा, ओतायचं. आम्ही केलं." "हुकूम कुणी दिला?" "जो घेऊन आला तो पूर्वेच्या लढाईत गेला. ज्याने दिला त्याचं नाव आम्हाला कोण सांगणार?" "मग वसंतात गाडी आली. तेव्हा थांबलं?" "हुकूम थांबला," विबेनुस म्हणाला, आणि जाळ्यात सुई घातली. "आणि बातो?" सुई बाहेर आली, पुन्हा आत गेली. "विबेनुस, बातो थांबला का? साचे घरी का आणले त्याने? लपवायला आणले की वापरायला?" "वहिनी, माझा खांदा त्याच उन्हाळ्यात गेला. मी भाता सोडला." मग तो तिच्याकडे वळला. डोळे पाणावलेले होते, पण ते वाऱ्यानेही असेल. "तुला काय ऐकायचंय ते सांग. मी तेच सांगतो, शपथेवर सांगतो. बातो देवमाणूस होता म्हणू? म्हणतो. तेवढंच आता माझ्या हातात आहे." ती उठली. तिच्या मनात आलं, हा घाबरलाय. आणि लगेच मनात आलं, की हा खरंच काही जाणत नाही. दोन्ही एकाच चेहऱ्यावर बसत होतं. एवढी वर्षं ती ज्याच्या कुशीत झोपली त्याच्या चेहऱ्यावरही दोन्ही बसलं असतं.

वाटेत कचेरी लागते. तिने असं काही ठरवलेलं नव्हतं की आज जायचं. पाय तिकडे वळले आणि तिने त्यांना अडवलं नाही. सुभेदाराच्या कचेरीत ह्या चौकशीवर डेसिमियुस नावाचा अधिकारी होता, टक्कल पडलेला, सर्दी झालेला, सारखा नाक पुसणारा. त्याने तिला बसायला स्टूल दिलं. ती म्हणाली, खड्ड्यातली माती कोटूची नाही, आमच्या घरची आहे. माझा नवरा टाकायचा. नाणं तिने टेबलावर ठेवलं आणि हाताची घडी घातली. बोलून झाल्यावर तिला अगदी शांत वाटलं, जड घागर खाली ठेवल्यावर हात हलके होऊन आपोआप वर येतात तसं.

"तुझा नवरा पलटणीच्या कारखान्यात होता," डेसिमियुस म्हणाला.

"हो."

"मग हे कारखान्यात झालं असं म्हणतेस?"

"कुठे झालं मला ठाऊक नाही. माती आमच्या दारातून गेली, एवढं ठाऊक आहे."

"कुणाचा हुकूम होता?"

विबेनुसचे शब्द तिच्या जिभेवर आले. ते बोलून दाखवले तर बातो निर्दोष ठरला असता. पण मग विबेनुसलाही इथे, ह्या स्टुलावर आणतील. किंवा ह्याहून वाईट जागी. "ठाऊक नाही," ती म्हणाली.

डेसिमियुसने नाक पुसलं आणि फडकं नीट घडी करून ठेवलं. "बाई, 'ठाऊक नाही' हे मला वर कळवता येत नाही. ठाऊक नाही म्हटलं की चौकशी वाढते. कारखान्यातले सगळे जुने लोक बोलवा, मुकादम बोलवा, मुकादमाच्या वरचे बोलवा. ते मला नको आहे, पलटणीला नको आहे, सुभेदारांनाही नको आहे. आणि तोवर दिवेवाला आत. त्याला खोकला लागलाय." आवाजात दटावणी नव्हती. भाजी कशी निवडावी हे सांगावं तसं तो सांगत होता. "पण समज, एका माणसाने हे केलं. एकट्याने. आपल्या घरी, बायकोच्या नकळत. आणि तो माणूस मेलेला आहे. मग सगळं तिथेच मिटतं. दिवेवाला आज घरी जातो."

"मग माझा नवरा चोर ठरतो."

"मेलेला चोर. त्याला आता कोण काय करणार?"

"माझा मुलगा पलटणीत आहे."

"ठाऊक आहे. निशाण त्याला मिळायचं नाही. बाकी त्याला कुणी हात लावणार नाही, एवढं मी बघेन."

खिडकीबाहेर कुणीतरी घोड्याला पाणी दाखवत होतं. घोडा पितानाचा तो लांब, समाधानी आवाज खोलीत येत होता. उसायूला वाटलं, हा माणूस खोटं बोलायला सांगतोय. मग वाटलं, कशावरून खोटं? कौलं आठवली. बादली आठवली. एखाद्या संध्याकाळी तो उशिरापर्यंत मागच्या अंगणात असायचा आणि ती गिऱ्हाइकांत असायची. ती आत्ता जे सांगणार होती ते खरंही असू शकत होतं, आणि तेच तिला सगळ्यात कठीण वाटलं; धडधडीत खोटं असतं तर ते ती कोटूसाठी हसत बोलली असती. "एकट्याने केलं," ती म्हणाली. "घरी. मला ठाऊक नव्हतं." डेसिमियुसने मान डोलावली आणि ते नाणं खणात टाकलं.

कोटू त्याच संध्याकाळी आला. आठवडाभराने, खोकला जरा उतरल्यावर, तो खाणावळीत येऊन बसला. मधल्या दिवसांत सगळ्या शहराला कळलं होतं. "ताई, तुझे उपकार कसे फेडू," तो म्हणाला. मग वाटीत बघत म्हणाला, "पण बातोने असं करायला नको होतं गं. मी त्याला भाऊ मानायचो. माझ्याच खड्ड्यात? तू भोळी, तुला काय कळणार." उसायूने पळीने त्याच्या वाटीत आणखी डाळ घातली. बोलावं असं तिला वाटलं, हुकूम होता रे, पलटण उपाशी होती. पण ते आता तिचं बोलणं राहिलं नव्हतं. "मीठ बेताचं आहे का?" तिने विचारलं. "झकास आहे," कोटू म्हणाला. रेसातुस मात्र येईनासा झाला. तो समोरून जायचा, सोबत्यांबरोबर, आणि मान दुसरीकडे वळवायचा. निशाण दुसऱ्याला मिळालं होतं. तिने त्याला बोलावलं नाही. रोज त्याच्यापुरतं झाकून ठेवायची आणि बाजार उठायच्या वेळी कुत्र्याला घालायची.

मग कारागिरांच्या पंचायतीचा निरोप आला. बातोच्या थडग्याचा दगड पंचायतीने दिलेला होता आणि आता त्यावर चोराचं नाव नको, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं होतं. नाव तेवढं काढायचं, दगड राहील. उसायू ठरल्या दिवशी रस्त्यालगतच्या थडग्यांपाशी गेली तेव्हा पाथरवट हत्यारं मांडून बसला होता आणि शेजारी रेसातुस उभा होता. कुणी सांगितलं त्याला, तिने विचारलं नाही. पाथरवटाने दगडावर पाणी मारलं. "धूळ उडते," तो म्हणाला, "जरा मागे व्हा." ती मागे झाली नाही. तिला ती रोमन अक्षरं वाचता येत नव्हती. इतकी वर्षं ती इथे येऊन फुलं ठेवायची, दिवा ठेवायची आणि सगळ्या दगडालाच बातो समजायची. "ह्यात त्याचं नाव कुठलं?" तिने विचारलं. पाथरवटाने मुलाकडे पाहिलं. रेसातुस पुढे आला, त्याने तिचं बोट धरलं आणि ओल्या दगडावर टेकवलं. "हे," तो म्हणाला. "ही चार अक्षरं." त्याने तिचं बोट फिरवलं. पहिलं दोन पोटांचं. दुसरं तंबूसारखं. तिसरं खांबावर आडवी तुळई. शेवटचं वाटोळं. दगड गार होता, अक्षरांच्या तळाशी थोडी माती साचली होती, ती तिने नखाने काढली. मग पुन्हा एकदा, मुलाचा हात सोडून, एकटीने फिरवलं. दोन पोटं, तंबू, तुळई, वाटोळं. "बघितलंस?" रेसातुस म्हणाला. "बघितलं," ती म्हणाली आणि पाथरवटासाठी जागा केली.

त्याला फार वेळ लागला नाही. वाटोळं आधी गेलं. हातोडीचा आवाज रस्त्यापलीकडच्या दगडांवर आपटून परत येत होता आणि येणारेजाणारे क्षणभर बघून पुढे जात होते. संपल्यावर पाथरवटाने फुंकर मारली, फडक्याने पुसलं आणि तो आपल्या पुढच्या कामाला गेला. दगडात वरच्या बाजूला एक उथळ, पांढरी खळगी राहिली होती, ओंजळीएवढी.

"आता काय वाचता येतं?" उसायूने विचारलं.

रेसातुसने घसा खाकरला. छावणीत हुकूम वाचतात तसं तो मोठ्याने वाचू लागला, "ओतारी, चौदाव्या पलटणीच्या कारखान्यातला. इथे विसावला आहे. बायको उसायू हिने, जिवंतपणी, त्याच्यासाठी आणि स्वतःसाठी हा दगड उभारला."

"एवढंच लिहिलं होतं?"

"एवढंच."

"म्हणजे नाव सोडून सगळं आहेच की," ती म्हणाली.

रेसातुसने खाली वाकून दगडाच्या पायाशी पडलेला चुरा हाताने एकत्र केला, कुठे टाकावा ते त्याला सुचेना, आणि मग तो मूठ तशीच मिटून तिच्याबरोबर शहराकडे चालू लागला.